घरभेटीला मास्क हवाच, पण त्याचा भार सेविकेवर नको

काल आमच्या संस्थेच्या बैठकीत पाच मिनिटांत ठराव झाला: कर्मचाऱ्यांना मास्क ऐच्छिक. मला बोलायचं होतं, पण तोवर पुढचा विषय सुरू झाला. म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही पुण्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे दुपारचा डबा पोचवतो, औषधं काढून देतो, अंथरुणाला खिळलेल्यांना अंग पुसायला, अंघोळीला मदत करतो. मी हे काम अकरा वर्षं करते आहे.

सरकारने मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या दिवशी उठवली. तेव्हा मलाही मोकळं वाटलं होतं. रस्त्यावर, बसमध्ये ज्याचं त्याने ठरवावं, हे मला आजही मान्य आहे. पण अंघोळ घालताना आजींचं तोंड आपल्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. ज्या काकूंची केमो चालू आहे त्यांच्या उशाशी आपण अर्धा तास बसतो. तिथे ‘ऐच्छिक’ म्हणजे कुणाची इच्छा? काकूंना कुणी विचारलं का? त्या बिचाऱ्या तरी काय म्हणणार, मदतीला आलेल्या मुलीला मास्क लाव म्हणायचा त्यांना संकोच वाटतो. आणि प्रश्न फक्त कोरोनाचा नाही. फ्लू आहे, क्षयरोगही हवेतूनच पसरतो.

मागच्या जानेवारीत आमची एक सेविका सर्दी-खोकला घेऊन कामावर आली. ‘साधी सर्दी आहे ताई, गोळी घेतलीय.’ आठवड्याभरात ती ज्यांच्याकडे जायची त्या आजी न्यूमोनियाने दवाखान्यात. तिच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ती घरी का थांबली नाही, हे मला नक्की माहीत आहे. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे कापले जातात, आणि तिच्या घरी कमावणारी ती एकटीच आहे.

म्हणून नुसतं ‘मास्क सक्तीचा करा’ एवढंच मला म्हणायचं नाही. सक्ती होती तेव्हाही काय चाललं होतं ते मी पाहिलंय. २०२१मध्ये संस्थेकडून आठवड्याला एकच सर्जिकल मास्क मिळायचा. एका सेविकेच्या घरी गेले होते, तर तो निळा मास्क धुऊन, दोरीवर चिमटा लावून वाळत घातलेला. वापरून फेकायचा मास्क धुतला की त्याची गाळण्याची ताकद कमी होते. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी दुसरा मास्क होता कुठे? नियम संस्थेचा आणि खर्च, त्रास, दोष सगळा तिच्या माथी. असं पुन्हा व्हायला नको.

घरभेटीला मास्क असावाच, आणि तो संस्थेने द्यावा, रोज नवा. खोकणाऱ्या माणसाजवळ किंवा केमोवाल्यांकडे जायचं असेल तर एन९५ द्यावा, नाकाशी नीट बसतोय ना हे बघून. व्हॉल्व्हवाला नको, त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर जातो. ताप-खोकला असेल तर पगारी रजा. मला विचाराल तर मास्कपेक्षाही ही रजा मोठी. आणि भेटीला येणारे विश्वस्त, देणगीदार, फोटो काढायला येणारे, सगळ्यांना हाच नियम. ऑफिसात हिशेब करणाऱ्यांना, गोडाऊनमध्ये गहू मोजणाऱ्यांना मात्र सक्ती नको. स्वयंपाकघरात तर उन्हाळ्यात दोन शेगड्यांसमोर तासन्‌तास उभं राहून बघा. तिथे एक्झॉस्ट पंखा दुरुस्त करून द्या, तो कधीचा बंद पडलाय.

अडचणी आहेतच. माझ्याकडच्या एका आजींना ऐकू येत नाही, त्या ओठांवरून समजून घेतात. मास्क लावून गेले की चिडतात, ‘तोंडच दिसत नाही तुझं, काय बोलतेस कळणार कसं?’ मी आता आधी खिडकी उघडते, दाराशीच उभी राहून मास्क खाली करते, काय सांगायचं ते सावकाश सांगते. त्यांनी मान हलवली की मास्क वर, मग जवळ जाते. दोन मिनिटं जास्त लागतात. पण त्या रागावत नाहीत आणि मलाही धाकधूक राहत नाही.

हा विषय पुढच्या बैठकीत पुन्हा घ्यावा, असं पत्र मी आज सकाळी दिलं आहे. पत्राखाली माझ्यासोबत तीन सेविकांच्या सह्या आहेत. जानेवारीत सर्दी घेऊन कामावर आलेली तीही त्यात आहे.