तीन हजारांत पाच बीएचपी म्हणे!

‘१०० सीसीच्या गाडीत तीन हजारांत ५ बीएचपी जास्त, वर मायलेजही वाढणार, आरटीओची परवानगी नको, सगळं एआरएआय पास!’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. खाली यादी: फ्री-फ्लो सायलेन्सर, कोन फिल्टर, इरिडियम प्लग, ‘पॉवर चिप’ आणि पुढचा लहान स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. परवा तो भाच्याने पाठवला, ‘मामा, नाना पेठेत मिळेल ना हे सगळं?’ असं विचारून. मिळेल रे, पुण्याच्या नाना पेठेत काय मिळत नाही? पण आधी गणित कर.

स्प्लेंडर प्लसचं ९७.२ सीसी इंजिन कंपनीच्याच कागदावर ८००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ८००० फेऱ्यांना, ५.९ किलोवॅट देतं, म्हणजे ७.९ बीएचपी. त्यात ५ मिळवले की १२.९. पॉवर म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम. तेव्हा ८००० लाच १२.९ हवे असतील तर तिथे साडेअकरा न्यूटन मीटर टॉर्क लागेल. आज तिथे मिळतो सात. पल्सर १२५ चा कमाल टॉर्क आहे १०.८, तोही १२४.४ सीसीतून. म्हणजे २७ सीसीने लहान इंजिन सायलेन्सर आणि फिल्टर बदलून पल्सरला मागे टाकणार! मेसेज लिहिणाऱ्याने मोबाइलमधला कॅल्क्युलेटर तरी उघडायचा.

इंजिनात हवा किती जाणार हे व्हॉल्व्ह, पोर्ट आणि कॅम ठरवतात. मूळ फिल्टर स्वच्छ असेल तर तो फारसा आड येत नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर आणि सायलेन्सर बदलून मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) मोठा टाकला, तर वरच्या आरपीएमला किंचित फरक पडतो, कबूल. जेट तोच ठेवला तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि घाटात इंजिन तापून ठोकायला लागतं. बीएस-६ गाडीत बेंड पाइपसकट सायलेन्सर काढला की धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टरही गेला. वर धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधीचा जोड गळका राहिला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण लीन वाटतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. मायलेज वाढणार होतं ना? वाढतो तो आवाज, आणि कानाला तोच वेग वाटतो.

इरिडियम प्लग जास्त टिकतो. बस.

आता ती ‘पॉवर चिप’. वरची श्रिंक ट्यूब कापा, आत एक रेझिस्टर निघेल, इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत एक-दोन रुपयांना मिळणारा. तो इंजिनाच्या टेम्परेचर सेन्सरच्या वायरीत घालायला सांगितलाय. हा सेन्सर थर्मिस्टर असतो: गार असताना बहुतेक गाड्यांत दोन-अडीच किलोओहम, तापला की दोन-तीनशे ओहम. मध्ये एक किलोओहम घुसवला की तापलेलं इंजिनही ईसीयूला चाळीसेक अंशांचं वाटतं. मग तो सकाळी गार इंजिनाला देतो तसं जादा पेट्रोल देत राहतो. ते नीट जळत नाही, त्यामुळे प्लग काजळतो. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन पेट्रोल रिंगांमधून खाली उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, पातळी न भरता वर चढली, तर हेच झालंय. उरलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो भाजून निघतो. गंमत म्हणजे मीटरवरचा इंजिनचा दिवा बहुधा लागत नाही, कारण ४० अंश हे ईसीयूच्या लेखी अगदी शक्य असलेलं तापमान. बिघाड होतोय हे कळतं ते पेट्रोल पंपावर, नाहीतर इंजिन उघडल्यावर.

परवानगीचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ(४) वाचा, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं: मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहन तपासणारी संस्था गाडीचं मॉडेल तपासते, तुमच्या वायरीतला रेझिस्टर नव्हे.

स्प्रॉकेटच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. पॉवर तेवढीच राहते, पण पुढे १४ दातांऐवजी १३ घातले तर मागच्या चाकावरचा जोर साडेसात टक्क्यांच्या वर वाढतो. डबलसीट बापदेव घाट चढताना तो जाणवतो. बदल्यात सोलापूर रस्त्यावर त्याच वेगाला इंजिन तेवढंच जास्त फिरतं आणि मायलेज घटतं. जुन्या चेनवर नवा स्प्रॉकेट घालू नका, ताणलेली चेन नवे दात खाते. पूर्ण किटच घ्या. चेनचा ढिलेपणा चाक फिरवून सगळ्यात ताठ जागी मोजा, आकडा मॅन्युअलमधला. त्याआधी क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी फ्री प्ले (मोकळी चाल) आहे का बघा आणि गार इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासून घ्या. ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा तिथेच मिटते.