कॅपिटलचा काय हा जाच!

इंग्रजीत कोणत्या अक्षराला कधी उभं करायचं, हे एकदाचं कुणी ठरवेल का? 'आय' वाक्याच्या मधोमध आला तरी कॅपिटल. आणि 'यू', 'वी', 'शी'? बसा खाली! स्वतःचंच एवढं कौतुक?

वार कॅपिटल, महिने कॅपिटल, ऋतू मात्र स्मॉल. बिचाऱ्या 'समर'नं कुणाचं घोडं मारलंय? 'माय मदर' लिहिलं तर स्मॉल, पण 'मदर' अशी थेट हाक मारली की लगेच कॅपिटल. अहो, आई तीच ना?

शीर्षकांचं तर विचारूच नका. 'इज' इवलासा, पण क्रियापद पडलं ना, मग त्याला मुजरा. 'विथ' घ्या. एपीए शैली (अमेरिकी मानसशास्त्र संघटनेची लेखन-नियमावली) म्हणते, चार अक्षरं आहेत, कॅपिटल करा. शिकागो शैली (पुस्तकवाल्यांची नियमावली) म्हणते, छे, स्मॉलच. आम्ही काय नाणं उडवायचं? 'इंटरनेट'चा आय कॅपिटल म्हणून इमानदारीत घोटला, तर २०१६ मध्ये एपी या वृत्तसंस्थेनं आपल्या नियमावलीत तो स्मॉल करून टाकला. झालं!

आणि वाक्य 'आयफोन'नं सुरू झालं तर? नियम म्हणतो पहिलं अक्षर मोठं, कंपनी म्हणते आमचं लहानच. घाला वाद.

पदनामांचा वेगळाच तमाशा. नावाआधी 'प्रेसिडेंट' कॅपिटल, नावानंतर आला की स्मॉल, असं पुस्तक सांगतं. ऑफिसच्या मेलमध्ये करून बघा ना. 'मॅनेजर'चा एम लहान दिसला, की साहेबांचा फुगा फुगलाच म्हणून समजा. मग उत्तर येतं, अख्खंच्या अख्खं कॅपिटलमध्ये!