जनसुनावणीत कोणाचे बोलणे नोंदवले जाते?

कोकण किनाऱ्यावर एखादा प्रकल्प यायचा झाला की जनसुनावणी लागते, मंडप पडतो, आणि त्या मंडपात आतला कोण व उपरा कोण हे भाषेवरून ठरते. याचा मला संताप येतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. संपूर्ण अहवालाला मात्र ते बंधन नाही. त्यामुळे गाळ कुठे साचेल, सांडपाणी समुद्रात किती आत सोडले जाईल, हा सगळा तपशील इंग्रजी तक्त्यांतच राहतो. ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते त्यांच्या हाती चार पाने येतात. २०२० मध्ये याच अधिसूचनेचा नवा मसुदा निघाला, तेव्हा तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत उपलब्ध करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला.

पण मराठीत आले म्हणजे सगळे आले, असेही नाही. सिंधुदुर्गातील एका सुनावणीत एक वयस्क रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे (रापण) ओढणारे मच्छीमार, उठून मालवणीत म्हणाले, ‘आमची रापण थंयच लागता. पावसात पाणी खंयसून भरता, ता आमका विचारा.’ त्यांना मंचावरून शुद्ध मराठीत बोलण्यास सांगण्यात आले. मंडपात हशा पिकला आणि ते खाली बसले. त्या दिवसातला सर्वांत नेमका आक्षेप तोच होता, कारण पावसाळ्यात खाडीचे पाणी कोणत्या बाजूने चढते याचा हिशेब प्रकल्पाच्या सारांशात कुठेच नव्हता. हसणाऱ्यांत घरी मालवणीच बोलणारी, शिकलीसवरलेली माणसे होती, आणि मला त्यांचाच अधिक राग आला. शाळेत ‘गावठी बोलू नको’ हे ऐकत मोठी झालेली पिढी मंचापुढे आपल्याच माणसाला परके करते.

त्याच अधिसूचनेत एक तरतूद आहे, जी गावोगाव माहीत असायला हवी. सुनावणी संपताना कामकाजाचा गोषवारा उपस्थितांना वाचून दाखवायचा असतो, स्थानिक भाषेत समजावून सांगायचा असतो आणि संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरणही करायचे असते. तेव्हा गोषवारा वाचून होईपर्यंत कोणीही मंडप सोडू नये. ज्यांना लिहिता येते त्यांनी मालवणीत मांडलेला प्रत्येक आक्षेप तिथल्या तिथे, बोलणाऱ्याच्याच शब्दांत कागदावर उतरवून घ्यावा, आणि तो गोषवाऱ्यात आला नसेल तर सह्या होण्यापूर्वी उभे राहून दुरुस्ती मागावी.