चेहरे लाल दिसतात, ही तुमची तक्रार बरोबर आहे

नमस्कार. तुमचा दोन स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. जुन्या प्लेस्टेशन वनचं चित्र आजच्या टीव्हीवर दिसावं म्हणून आमच्याकडून सिग्नल बदलणारा बोर्ड सुधारून घेतला, २८०० रुपये दिले, तरी चेहरे लाल दिसतात, मेनू उघडला की टीव्ही क्षणभर काळा पडतो, खेळाची बंदूक चालत नाही, आणि दुकानात फोन केला तर ‘तुमच्या टीव्हीतच प्रॉब्लेम आहे’ असं ऐकावं लागलं. शिवाय, तीनशे रुपयांच्या तयार कन्व्हर्टर डब्यात हेच काम झालं असतं, असं तुम्ही लिहिलंय.

लाल रंगाची चूक आमची आहे. तुम्हाला दिलेल्या जीबीएस ८२०० बोर्डावर लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही रंगांच्या लाइनवर एकेक प्रीसेट, म्हणजे स्क्रूनं कमी-जास्त करायचा छोटा रेझिस्टर असतो आणि तिन्ही ७५ ओहमवर लावावे लागतात. तुम्ही टाकलेला फोटो बघून त्याच लॉटमधले दुकानात उरलेले दोन बोर्ड मी स्वतः मीटरवर घेतले. एकाचा लाल प्रीसेट ९३ दाखवत होता. एवढ्यानं लाल रंग दहा टक्क्यांच्या आसपास चढतो. तुमच्याही बोर्डात हेच झालं असणार. तो आठवडा गणपतीच्या आधीचा होता, टेबलावर मंडळांच्या लाइटिंगचे कंट्रोलर पडले होते, आणि तुमचा बोर्ड छोट्या मॉनिटरवर दोन मिनिटं बघून मी पॅक केला. तसं करायला नको होतं. आता प्रीसेट काढूनच टाकतोय, त्यांच्या जागी एक टक्कावाले ७५ ओहमचे रेझिस्टर सोल्डर करतोय.

फोनवर मिळालेल्या उत्तराबद्दल मनापासून माफी मागतो. टीव्ही न बघता तो खराब आहे असं कुणीच सांगू नये.

तीनशेच्या डब्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगू द्या. टीव्हीच्या जुन्या एनटीएससी (अमेरिका-जपानच्या पद्धतीच्या) सिग्नलमध्ये चित्राच्या ४८० रेषा दोन हप्त्यांत येतात, एकदा विषम, एकदा सम. प्लेस्टेशनचे बहुतेक खेळ असं करत नाहीत. ते प्रत्येक वेळी २४० रेषांचं अख्खं नवं चित्र त्याच जागी काढतात. स्वस्त डब्याला हे कळत नाही. तो दोन वेगवेगळी चित्रं एकात एक विणतो. मार लागल्यावर खेळाडू लुकलुकतो ना, तो त्या डब्यावर पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो, आणि पळत्या गाडीच्या कडेला कंगव्यासारखे दात येतात. दुकानात या, दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवतो. आमच्या बोर्डात मूळ कंट्रोलर जंपर लावून बंद केलेला असतो, आणि ईएसपी८२६६ या छोट्या वायफाय चिपवर चालणारं जीबीएस कंट्रोल हे खुलं सॉफ्टवेअर सिग्नल ओळखून २४० ला २४० म्हणूनच पुढे नेतं. सोबत क्लॉकची वेगळी चिप बसवतो, म्हणजे टीव्हीकडे जाणारी गती कन्सोलच्या गतीशी जुळते आणि चित्र मध्येच अडखळत नाही. मजुरी या सगळ्याची आहे.

मेनूला पडदा काळा होतो तो बिघाड नाही. काही खेळांचा मेनू ४८० रेषांचा असतो. सिग्नल बदलला की बोर्ड आणि टीव्ही दोघांनाही तो नव्यानं पकडावा लागतो. पण हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं, आणि आम्ही सांगितलं नाही.

बंदुकीचा इलाज माझ्याकडे नाही. ती पिक्चर ट्यूबवर किरण नेमका कोणत्या क्षणी कुठे आहे, हे बघून नेम ओळखते. एलसीडीत तो किरणच नसतो. घरी जुना ट्यूबचा टीव्ही असेल तर विकू नका.

बोर्ड घेऊन या. पासोड्या विठोबापाशी आल्यावर फोन करा, मुलगा घ्यायला येईल. येताना तुमचं कन्सोल, तुमचीच केबल आणि ज्या खेळात चेहरे लाल दिसले ती सीडी आणा. माझ्या केबलवर बघून उपयोग नाही. काम तासाभराचं आहे, एक रुपयाही घेणार नाही. त्यानंतरही रंग पटला नाही तर २८०० रुपये तिथल्या तिथे परत. यायला जमत नसेल तर कळवा, बोर्ड न्यायला आणि परत पोचवायला माणूस मी पाठवतो.