फार्मसीच्या पदवीत रुग्णाशी बोलायला कुठे शिकवतात?

गेली बारा वर्षे मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फार्मसी महाविद्यालयात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा शरीरावर होणारा परिणाम, शिकवते आहे. प्रवेशाच्या दिवसांत पालक भेटायला येतात आणि फी, वसतिगृह, प्लेसमेंट असे सगळे विचारून झाल्यावर उठता उठता हमखास विचारतात, “आणि मॅडम, पुढे स्वतःचं मेडिकल टाकता येईल ना?” मी होय म्हणते, कारण कायद्याने ते खरे आहे. मात्र ते उत्तर देताना मला दर वर्षी जी बेचैनी वाटते, तिच्याविषयी आज सविस्तर लिहिते आहे. बी. फार्म.ची आठ सत्रे पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला औषध माहीत असते. ते औषध घेणाऱ्या माणसाशी त्या माणसाच्या भाषेत कसे बोलावे, हे मात्र आम्ही त्याला शिकवलेले नसते.

मला स्वतःला हे कळले ते वर्गात नव्हे. शिकत असताना सुट्टीत मी तालुक्याच्या गावी, एस. टी. स्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये काम शिकायला जात असे. दुकानाचे मालक वडिलांच्या ओळखीचे होते. मी त्यांना काका म्हणत असे, गावातले अर्धे लोक त्यांना डॉक्टर म्हणत. एके दिवशी साठीचे एक शेतकरी आले आणि म्हणाले, “तोंड आलंय, काहीतरी मलम द्या.” मी ड्रॉवर उघडून ट्यूब काढलीही होती. काकांनी मला हातानेच थांबवले आणि त्यांना विचारले, “आजोबा, दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का?” आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी घातलेली स्ट्रिप काढली. ते मेथोट्रेक्सेट होते. सांधेवातासाठी शहरातल्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितले होते, चिठ्ठीवर इंग्रजीत तसे लिहिलेही होते, पण आजोबा ती गोळी गेले बारा-तेरा दिवस रोज घेत होते. ज्या दुकानातून ती घेतली तिथे कोणी काही बोलले नव्हते. “बीपीची गोळी रोज असते, तशी हीपण रोजच असंल, असं वाटलं,” असे ते म्हणाले.

काकांनी मलम दिले नाही. त्यांनी आजोबांच्या मुलाला फोन लावला आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात नेण्यास सांगितले. रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी फार खाली गेलेल्या होत्या. आजोबा वाचले, परंतु त्यासाठी पुष्कळ दिवस रुग्णालयात राहावे लागले.

या प्रसंगाआधी तीनच महिन्यांपूर्वी मी परीक्षेत मेथोट्रेक्सेट लिहून आले होते. त्याची रचना काढली होती, संश्लेषणाच्या पायऱ्या लिहिल्या होत्या, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर ते कसे अडवते आणि त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या पेशींना डीएनए तयार करणे कसे अशक्य होते, हे आकृतीसह मांडले होते, आणि मला चांगले गुण मिळाले होते. तोंडाच्या आतल्या पेशी आणि अस्थिमज्जेतल्या पेशी वेगाने वाढणाऱ्या असतात, हेही मला ठाऊक होते. तरीसुद्धा ‘तोंड आलंय’ हे दोन शब्द ऐकल्यावर माझा हात मलमाकडे गेला. माझे ज्ञान आणि आजोबांचे वाक्य यांच्यामध्ये जो पूल हवा होता, तो माझ्या अभ्यासक्रमात कुठेच बांधलेला नव्हता.

त्यानंतर अभ्यासक्रम बदलला. फार्मसीच्या शिक्षणाचे नियमन करणाऱ्या फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने देशभर एकच सत्रपद्धतीचा अभ्यासक्रम लागू केला आणि तो मी आज शिकवते. त्यात चांगल्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि बारावीला गणित घेतलेल्यांसाठी जीवशास्त्राचा व जीवशास्त्र घेतलेल्यांसाठी गणिताचा पूरक विषय पहिल्याच सत्रात ठेवला आहे, ही त्यांपैकी एक. पण त्याच पहिल्या सत्रात ‘कम्युनिकेशन स्किल्स’ नावाचाही विषय आहे. नाव वाचून मला प्रथम फार आनंद झाला होता. आत पाहिले तर प्रात्यक्षिकात इंग्रजी व्यंजनांचे व स्वरांचे उच्चार, मुलाखतीला सामोरे कसे जावे, ईमेल लिहिण्याचे शिष्टाचार आणि सादरीकरण. नोकरी मिळवण्यासाठी हे उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ज्या पदवीधराला पुढे आयुष्यभर आजारी माणसांशी बोलायचे आहे, त्याच्या संवादकौशल्याच्या विषयात आजारी माणूसच नाही.

तो माणूस भेटतो थेट सातव्या सत्रात, ‘फार्मसी प्रॅक्टिस’ या विषयात. पंचेचाळीस तासिका, त्यांत रुग्णालयाची संघटना, फॉर्म्युलरी (रुग्णालयात वापरायच्या औषधांची ठरलेली यादी), साठ्याचे नियंत्रण, अंदाजपत्रक, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे अर्थ, औषधांचे दुष्परिणाम अशी मोठी यादी, आणि त्या यादीत कुठेतरी रुग्ण-समुपदेशन. या विषयाला स्वतःचे प्रात्यक्षिक नाही. समुपदेशनावर विद्यार्थी एक टिपण लिहितो, ते पाठ करता येते, आणि ते लिहिताना त्याला एकदाही तोंड उघडावे लागत नाही. सहाव्या सत्रानंतर १५० तासांचे प्रशिक्षण असते, पण ते कारखान्यात, रुग्णालयात किंवा औषधाच्या दुकानात कुठेही करण्याची मुभा असल्यामुळे बहुतेक जण कारखान्याचे पत्र मिळवतात. याउलट दोन वर्षांच्या डी. फार्म. या पदविकेला ५०० तासांचे, किमान तीन महिन्यांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे, आणि त्यांतले किमान २५० तास चिठ्ठीवरची औषधे देण्याच्या प्रत्यक्ष कामाचे. ते सगळीकडे मनापासून होते असे मी म्हणणार नाही, परंतु निदान पदविकेच्या नियमाने काउंटरची आठवण ठेवलेली आहे. दुप्पट वर्षे शिकणाऱ्या पदवीधराने ती का ठेवू नये?

आमच्या प्रयोगशाळांवर माझे प्रेम आहे, हे इथे सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी मुले सिम्पल सिरप करतात, वजनी ६६.७ टक्के साखरेचे, आणि इतक्या दाट पाकात जंतूंना वाढायला पाणीच का शिल्लक राहत नाही हे त्यांना समजते तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. खलात पावडर घोटणे, तेल आणि पाणी एकजीव होऊन इमल्शन जमेपर्यंत एकाच दिशेने हात चालवत राहणे, मलम पसरवणे, यांतून औषध ही हाताने आणि जबाबदारीने करण्याची गोष्ट आहे हा संस्कार होतो. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी बाटलीला लेबल लावायचे असते, त्यावर ‘शेक वेल बिफोर यूज’ किंवा ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ लिहायचे असते, आणि ते विसरल्यास गुण कापले जातात. चार वर्षांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी रुग्णाला उद्देशून काही म्हणतो ते एवढेच, आणि तेही इंग्रजीत.

काउंटरपलीकडचे मराठी निराळे असते. तिथे कोणी मेटफॉर्मिन मागत नाही, ‘साखरेची गोळी’ मागतात. इनहेलरला ‘पंप’ म्हणतात, आणि पंप म्हटल्याबरोबर ‘त्याची सवय लागते’ हे वाक्य ठेवलेलेच असते. एखाद्या औषधाने पोटात जळजळ झाली तर ते ‘उष्ण पडले’ असते आणि मग डॉक्टरांना न विचारता बंद केलेले असते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्या, असे आपण सांगतो. पण आपल्याकडे सकाळचा चहा हा खाण्यात मोजला जात नाही. चहा घेऊन, घरातली चार कामे उरकून, मग ‘उपाशीपोटी’ थायरॉक्सिन घेणाऱ्या किती तरी बायका मला भेटल्या आहेत. त्यांनी सूचना मोडली नव्हती, त्यांना समजली तशी तंतोतंत पाळली होती. चहा, दूध, कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी यांमुळे थायरॉक्सिनचे शोषण घटते, हे माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. ‘काकू, ही गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहासुद्धा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने, आणि कॅल्शियमची गोळी सकाळी नको, चार तास तरी मध्ये जाऊ द्या,’ हे वाक्य मात्र त्याला सुचत नाही, कारण ते त्याच्याकडून कधी कोणी म्हणवून घेतलेले नसते.

यावर मला नेहमी सांगितले जाते की बी. फार्म. ही मुळात उद्योगासाठीची पदवी आहे, आमची मुले तारापूरला, कुरकुंभला, वाळूजला, गोव्यात वेर्ण्याला उत्पादन आणि गुणवत्ता विभागांत जातात, त्यांना काउंटरशी काय करायचे. उद्योगाचे महत्त्व मी मुळीच कमी लेखत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी उघडी केली, तो इतिहास मी पहिल्या महिन्यातच वर्गात सांगते, कारण तपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाचा कंटाळा कोणाचा तरी जीव घेऊ शकतो, हे विश्लेषणाच्या तासाआधी कळलेले बरे. पण पदवी एकच आहे आणि तिच्या आधारे होणारी नोंदणीही एकच आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम सांगते की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच तयार करावे आणि द्यावे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी त्यापुढे जाऊन औषध कशासाठी, किती, केव्हा घ्यायचे, कसे ठेवायचे, एखादी मात्रा चुकली तर काय करायचे, हे रुग्णाला समजावणे फार्मासिस्टचे काम ठरवले. जे काम नियमाने सोपवले आहे त्याचा सराव पदवीने द्यायला हवा, मग तो पदवीधर उद्या वेर्ण्याला जावो की स्वतःच्या गावी.

आणि हा सराव नसण्याची किंमत आमच्याच पेशाने मोजली आहे. ‘सर्टिफिकेट लावणे’ म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या फार्मसीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. पदवी भिंतीवर, नाव लायसन्सवर, पदवीधर दुसऱ्याच शहरात नोकरीला, आणि काउंटरवर दहावी-बारावी झालेला एखादा चुणचुणीत मुलगा. माझे काही विद्यार्थी या मार्गाने गेले आहेत, हे लिहिताना मला वेदना होतात. मी त्यांना विचारले तेव्हा एकाने दिलेले उत्तर माझ्या मनातून जात नाही. तो म्हणाला, “मॅडम, मी तिथे उभा राहिलो काय आणि तो मुलगा उभा राहिला काय, गिऱ्हाइकाला काय फरक पडतो?” तो बेफिकिरीने बोलत नव्हता, त्याला खरोखरच तसे वाटत होते. काउंटरवर फक्त स्ट्रिप काढून पैसे घ्यायचे असतील तर त्याचे म्हणणे बरोबरही आहे. फरक पडतो तो ‘दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का’ या प्रश्नाने, आणि तो प्रश्न विचारण्याची सवय आम्ही त्याला चार वर्षांत लावली नव्हती. तपासण्या वाढवाव्यात, कारवाई व्हावी, हे सर्व मला मान्य आहे, पण ज्याला स्वतःच्या असण्याचे प्रयोजनच कळलेले नाही, त्याला केवळ दंडाच्या भीतीने किती काळ काउंटरवर उभे करता येईल?

अभ्यासक्रम बदलणे माझ्या हातात नाही. माझ्या हातात तीन तासांचे प्रात्यक्षिक आहे, आणि त्यातली शेवटची वीस मिनिटे गेली तीन वर्षे मी यासाठी राखून ठेवते. एक जण रुग्ण होतो, एक फार्मासिस्ट, आणि एकच नियम असतो: औषधाची माहिती मराठीत किंवा घरी बोलल्या जाणाऱ्या बोलीत सांगायची, आणि रुग्णाने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगितली तरच काम पूर्ण झाले असे मानायचे. पहिल्या आठवड्यात वर्गात हसण्याशिवाय काही होत नाही. इंग्रजीत अस्खलित उत्तरे देणारी मुले ‘ॲब्सॉर्प्शन’पाशी अडकतात, आणि एरवी मागच्या बाकावर गप्प असणारी, खेड्यातून आलेली मुले पुढे येतात. गेल्या वर्षी एका मुलीने इनहेलर समजावला. तिच्या आजोबांना दमा होता. “आधी हलवा. मग सगळा श्वास बाहेर सोडा. पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा, दाबा, आणि सावकाश आत ओढा, झुरका मारल्यासारखा नाही, देवळात उदबत्तीचा वास घेता तसा. आता दहा अंक मोजेपर्यंत थांबा.” उदबत्तीचा वास कोणीही हिसक्याने घेत नाही. मी बारा वर्षे हे शिकवत होते आणि मला ही उपमा सुचली नव्हती. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून टाकायची, हे ती सांगायला विसरली, तेव्हा मागून दोघांनी ओरडून आठवण करून दिली.

या सत्रापासून अंतर्गत तोंडी परीक्षेत प्रत्येकाला एक प्रश्न मराठीतून विचारावा आणि त्याला गुण असावेत, असा प्रस्ताव मी विभागात मांडला आहे. काही सहकाऱ्यांना तो पटला आहे. काहींना अशी शंका आहे की यामुळे परराज्यातल्या विद्यार्थ्यांवर अन्याय होईल. ती शंका रास्त आहे, म्हणून त्यांनी स्वतःच्या मातृभाषेत बोलावे आणि ती भाषा जाणणारा वर्गमित्र रुग्ण व्हावा, असे आम्ही सध्या ठरवतो आहोत.

दरम्यान विद्यार्थी आणि मी मिळून एक वही भरतो आहोत. लोक औषधांना काय म्हणतात, दुखण्याला काय म्हणतात, हे तिच्यात उतरवतो. कळ, चमक, ठणका, मुंग्या, पोटात गुबारा, छातीत भरून येणे, यांतला प्रत्येक शब्द वेगळे काही सांगतो आणि इंग्रजी पुस्तकात त्यांतले बरेचसे एकाच ‘पेन’मध्ये गडप होतात. आमची वही सातारा, सांगली, कोल्हापूर या टापूपुरतीच आहे. खानदेश, मराठवाडा, विदर्भ, कोकण, गोवा इथे मेडिकलमध्ये काम करणाऱ्यांनी आणि औषधे घ्यायला जाणाऱ्यांनी आपापल्या भागातले शब्द मला जरूर कळवावेत, आणि शक्य असेल तर तो शब्द कोणी, कोणत्या दुखण्यासाठी वापरला होता तेही लिहावे.