गुरू पेटवण्याचा कट आणि ‘ध’चा ‘मा’

पावसाळ्यात आमचा सांगलीतल्या विश्रामबागचा ग्रुप फार शहाणा असतो. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट, कोयनेतून विसर्ग किती, एवढंच चालतं. कुणी चुकीचा आकडा टाकला तर पुलावर उभा असलेला दुसरा कुणीतरी लगेच दुरुस्त करतो. पाणी ओसरलं की मात्र वाट्टेल ते येतं. परवा आलं ते असं: गुरू ग्रह हा जवळजवळ सूर्यच, ठिणगी मिळाली की पेटेल. नासाने 2003 मध्ये गॅलिलिओ यान प्लुटोनियमसकट मुद्दाम त्याच्यात टाकलं आणि महिन्याभरात तिथे काळा डाग उमटला. युरोपा या गुरूच्या चंद्रावर जीव सापडलेत, ते दडपायला हा सगळा खेळ. शेवटी, गुरू पृथ्वीचा अंगरक्षक आहे, त्याची खोडी काढू नका. खाली नमस्कारांची रांग.

आधी ‘जवळजवळ सूर्य’ बघू. गुरूही सूर्यासारखा मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचाच, इथपर्यंत ठीक. पण तारा ठिणगीने पेटत नाही. स्वतःच्याच वजनाने त्याचा गाभा इतका दाबला आणि तापला पाहिजे, की हायड्रोजनची अणुकेंद्रं एकमेकांत मिसळायला लागतील. त्यासाठी गुरूच्या साधारण 75 ते 80 पट वस्तुमान लागतं. सांगलीच्या हिशेबात सांगतो. आयर्विनची धोका पातळी 45 फूट. तिथे पाणी पोचलं की तारा झाला असं धरलं, तर गुरूचं पाणी आत्ता सात इंच आहे.

प्लुटोनियम यानात होतं, हे खरं. गुरूपाशी ऊन आपल्याकडच्या सत्ताविसाव्या भागाइतकंच पोचतं, म्हणून त्याच्या उष्णतेवर वीज तयार करत होते. पण ते प्लुटोनियम-238, बाँबमधलं 239 नव्हे. शिवाय यान सेकंदाला 48 किलोमीटर वेगाने वातावरणात घुसलं, म्हणजे जळून विखुरलंच. आणि तरीही कुणाला स्फोटच हवा असेल, तर जुलै 1994 आठवा. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे वीसेक तुकडे लागोपाठ गुरूवर आदळले. त्यातल्या मोठ्या तुकड्याची ऊर्जा लाखो मेगाटन, म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्या अण्वस्त्रांपेक्षा कितीतरी जास्त. पृथ्वीएवढाले काळे डाग पडले आणि काही महिन्यांत विरून गेले. गुरू होता तसाच. फॉरवर्डमधल्या डागाबद्दल म्हणाल, तर फोटोवर तारीख-वेळ काहीच नाही. गुरूवर त्याच्या चंद्रांच्या सावल्याही काळ्या गोल ठिपक्यांसारख्याच दिसतात.

आता ‘मुद्दाम टाकलं’. हाही मुद्दा खरा आहे, पण कारणाच्या बाबतीत तिथेच ‘ध’चा ‘मा’ केलाय.

गॅलिलिओ 1989 मध्ये निघालं. त्याचा मोठा अँटेना छत्रीसारखा उघडायचा होता. 1991 मध्ये उघडायला गेले तर काड्या अडकल्या. सगळं काम छोट्या अँटेनावर आलं, म्हणजे महापालिकेच्या नळाऐवजी सलाइनच्या थेंबांनी टाकी भरायची. तशातही डिसेंबर 1995 पासून जवळजवळ आठ वर्षं ते गुरूभोवती फिरलं. गुरूचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या अक्षाला कलतं आहे, त्यामुळे गुरू फिरतो तशी युरोपापाशी त्या क्षेत्राची दिशा बदलत राहते. त्याला उत्तर म्हणून युरोपाच्या पोटातून एक छोटं क्षेत्र उमटताना यानाने मोजलं. आत वीज वाहून नेणारं काहीतरी असल्याशिवाय हे होत नाही, आणि बर्फाखाली खारं पाणी धरलं की आकडे जुळतात.

आणि हाच शोध यानाच्या मुळावर आला. इंधन संपत आलेलं, आणि यान पूर्ण निर्जंतुक केलेलं नव्हतं. बेवारस भटकत कधीतरी ते युरोपावर आदळलं असतं, तर पृथ्वीवरचे जंतू तिथल्या पाण्यात पोचायची शक्यता होती. म्हणून 21 सप्टेंबर 2003 ला ते गुरूत बुडवलं. 2017 मध्ये एन्सेलॅडस आणि टायटन या शनीच्या चंद्रांसाठी कॅसिनी यान शनीत बुडवलं, तेही याच कारणाने. युरोपाला धक्का लागू नये म्हणून केलेलं काम कटाचा पुरावा म्हणून फिरतंय, याचाच मला जास्त राग येतो.

जीव सापडलेले नाहीत. गॅलिलिओवर ते ओळखणारं उपकरणच नव्हतं. ऑक्टोबर 2024 मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर यान 2030 मध्ये पोचेल. तेसुद्धा जीव शोधायला जात नाहीये, तिथे जगण्याजोगी परिस्थिती आहे का एवढंच बघणार आहे.

अंगरक्षकाचं, म्हणजे गुरू धूमकेतू अडवून पृथ्वीला वाचवतो याचं म्हणाल, तर हा अंगरक्षक जरा लहरीच आहे. लेक्सेलचा धूमकेतू गुरूजवळून गेला आणि 1767 मध्ये त्याची कक्षा आपल्या बाजूला वळली. 1770 मध्ये तो पृथ्वीजवळून गेला, चंद्राच्या सहापट अंतरावरून. 1779 मध्ये गुरूनेच त्याला पुन्हा लांब भिरकावलं, त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. घातला गुरूनेच, काढलाही गुरूनेच.

फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांना मी गच्चीवर बोलावलंय. माझी दुर्बीण साधी, 10×50 ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी. पाण्याच्या टाकीवर कोपरं टेकवली की गुरूशेजारी चार ठिपके दिसतात, कधी तीनच, एखादा मागे दडलेला असतो. युरोपा साडेतीन दिवसांत एक फेरी मारतो, म्हणून आज डावीकडे दिसला तर परवा बहुतेक उजवीकडे. काका म्हणाले, येतो, पण ढग नसले तर.