पाच वायरींचं दार

परवा भर दुपारी, परभणीत वसमत रोडवर, मला माझ्याच गाडीत कोणी घेईना.

गाडी 2009 ची, मी तिचा चौथा मालक. चारही दारं एकदम लावणारं-उघडणारं सेंट्रल लॉक कुणीतरी नंतर बसवलेलं. आठ दिवसांपासून ते आपल्या मनानं चालायलं. खट्ट, बंद. खट्ट, उघड. बायको म्हणाली, उतारा टाका. मग ड्रायव्हरचं दार उघडायचंच बंद झालं आणि मी डाव्या दारानं बाहेर पडू लागलो. त्यात गिअरच्या दांड्याला अडकून पायजमा फाटला. चहाच्या टपरीवरचे सहा जण बघत होते. एकही हसला नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

वायरमन डाव्या बाजूनं आत शिरून, स्टेअरिंगखाली मान घालून दाराचं पॅड काढत होता. एसी चालू होता. तेवढ्यात टपरीवरचे एक आजोबा उठले, मागचं दार उघडून 'जरा सावलीला' म्हणत आत बसले आणि दार ओढून घेतलं.

खट्ट. चारही दारं बंद. ते दोघं आत, मालक बाहेर बेचाळीस डिग्रीत.

मी काच वाजवली. आजोबांनी सांगून वायरमनकडून काच दोन बोटं खाली करवली.

"काय म्हणायलाव?"

"दार उघडा म्हणायलो."

"नका. गार हवा जाती." मग जरा दयेनं, "तुम्ही उन्हात काहून उभे टाकलाव? सावलीला जा की."

"गाडी माझी आहे, आजोबा."

"कितीला घेतली?"

"एक लाख दहा."

"फसलाव." काच वर. परत खाली. "गाव कोणतं?"

गाव सांगितलं. मग आडनाव, मग मामाचं गाव. तिसऱ्या प्रश्नाला आमची सोयरीक निघाली. मराठवाड्यात माणूस उन्हात मेला तरी चालेल, पण बिनसोयरिकीचा मरू देत नाहीत. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' असं बाहेरचे आम्हाला चिडवतात. तिथं उभा राहून मला ते पहिल्यांदा पटलं.

आतून वायरमननं निदान सांगितलं. ड्रायव्हरच्या दारातल्या लॉकच्या मोटरला पाच वायरी, बाकीच्या तीन दारांना दोन-दोन. पाचातल्या दोन मोटर फिरवतात, उरलेल्या तीन सगळ्या दारांना हुकूम देतात: लावा, उघडा. दार आणि खांबाच्या मधे जी रबरी नळी असते, तिथं दार उघडमीट होताना वायरी दर वेळी वाकतात. वाकून वाकून हुकमाच्या वायरींची साल गेली होती. त्या एकमेकींना चिकटल्या की गाडीला हुकूम आल्यासारखं वाटायचं. त्यात त्या मोटरच्या प्लास्टिकच्या चक्राचे दात झिजलेले, म्हणून लॉकची दांडी अर्ध्यातच अडकलेली.

"म्हणजे थोरल्याचं डोकं फिरलं की धाकटे तिघं बी फिरतेत," आजोबा म्हणाले. "आमच्या घरी हेच झालं." आणि वाटणीची गोष्ट सुरू केली. वायरमन हातातलं काम सोडून ऐकत बसला. मी बाहेरून ऐकली. विहीर कुणाला गेली ते मात्र काचेमुळं कळलं नाही.

याच्या आधी एका दुकानानं मला चारही दारांचं नवं किट घ्यायला लावलं होतं. फक्त पैसे मोजायचे राहिले होते. रबर सरकवून वायर बघायला दोन मिनिटं लागतात, पण ते कुणी करत नाही. जुनी गाडी आणली की समोरचा आधी गाडीकडं बघतो, मग तुमच्या चपलेकडं, आणि मग भाव सांगतो. राग त्याचा आहे. आजोबांचा नाही. थोडा आहे.

तासाभरानं वायरी जोडल्या, टेप गुंडाळली, जुन्या किटातली एक मोटर बसवली. खट्ट, आणि ड्रायव्हरचं दार उघडलं. पॅड परत बसवल्यावर वायरमननं माझ्या हातावर दोन प्लास्टिकच्या क्लिपा ठेवल्या.

"ह्या उरल्या."

"उरल्या म्हणजे?"

आजोबा एव्हाना खाली उतरले होते. त्यांनी माझ्या हातातली एक उचलली, चष्म्याच्या तुटक्या दांडीला लावून बघितली, आणि दुसरीसाठी हात पुढं केला.